घराची चावी मिळाली, शेतातले चर सापडले नाहीत: १९४५ नंतरचा पश्चिम पोलंड

सोलापूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,८९५ चौरस किलोमीटर. हा आकडा हाताशी ठेवा, पुढचं माप सोपं जाईल. दुसरं महायुद्ध संपताना पोलंड नावाचा देश नकाशावर उचलून पश्चिमेला सरकवला गेला. पूर्वेकडचा सुमारे १,८०,००० चौरस किलोमीटर मुलूख, म्हणजे आपले बारा जिल्हे, सोव्हिएत संघाने ठेवून घेतला. बदल्यात जर्मनीचा लाखभर चौरस किलोमीटरचा पट्टा पोलंडला मिळाला, म्हणजे जवळपास सात सोलापूर जिल्हे. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला याची बोलणी झाली, जुलै-ऑगस्टमध्ये पॉट्सडॅमला शिक्कामोर्तब झालं आणि ओडर-नायसे या नद्या नवी हद्द ठरल्या.

या पट्ट्यात युद्धापूर्वी ऐंशी लाखांहून जास्त लोक राहत होते, बहुतेक जर्मन. १९४५ च्या जानेवारीत रशियन फौजा आल्या तसे लाखो लोक थंडीतच पळाले. उरलेल्यांपैकी तीस लाखांहून अधिक लोकांना १९४९ पर्यंत हाकललं गेलं. १९५० च्या खानेसुमारीत तिथे ५९ लाखांच्या आसपास माणसं मोजली गेली. त्यात जवळपास निम्मे मध्य पोलंडमधून आलेले, पंधरा लाखांच्या घरात पूर्वेकडचं सगळं सोडून आलेले, आणि दहा-अकरा लाख पूर्वीपासून तिथेच असलेले स्थानिक. एका पिढीच्या आत एवढ्या मोठ्या प्रदेशातली बहुतेक माणसं बदलण्याची उदाहरणं इतिहासात फार थोडी आहेत.

सोलापूर हेही बाहेरून आलेल्यांनी घडवलेलं शहर. तेलंगणातून पद्मशाली आले, पूर्व भाग उभा राहिला, माग खडखडू लागले. पण ते आले ते स्वतःचं कसब घेऊन, आणि घरंही त्यांनी स्वतःच बांधली. पश्चिम पोलंडमध्ये उलटं झालं. घर तयार, शेत तयार, चुलीवरचं भांडंसुद्धा कधी कधी तयार; फक्त ते सगळं चालवायचं कसं हे सांगणारा माणूस गेलेला. पुढे तिथल्या जमिनीचं, पाण्याचं, गावांचं जे काही झालं त्यातलं बरंचसं या एका गोष्टीवरून उलगडतं.

नवा माणूस यायचा मालगाडीने. एका डब्यात दोन-तीन कुटुंबं, त्यांची गाय, घोडा, नांगर, बियाण्याची पोती. प्रवास कधी आठवडे चाले. स्टेशनवर पुनर्वसन खात्याचा माणूस नावं लिहून घेई आणि गाव सांगे. पुष्कळदा लोक आपणच घर शोधत आणि दारावर खडूने लिहून टाकत की हे घर पोलिश माणसाने घेतलं आहे. सप्टेंबर १९४६ च्या हुकूमनाम्याने शेताचं माप ठरवलं: साधारण ७ ते १५ हेक्टर, म्हणजे १७ ते ३७ एकर. पूर्वेकडे दोन-तीन हेक्टरच्या तुकड्यांवर भागवणाऱ्याला हे वतनच वाटायचं. पण नांगरायला जनावर नाही, रानात सुरुंग पेरलेले, आणि आधीच्या वर्षीचं पीक न कापता उभंच राहिल्यामुळे उंदीर माजलेले. मळणीयंत्र असलं तर त्याचा पट्टा चोरीला गेलेला. विजेची मोटर, खिडक्यांच्या काचा, शिलाई मशीन असल्या वस्तू गोळा करून मध्य पोलंडमध्ये विकणाऱ्यांच्या टोळ्याच फिरत होत्या. या लुटीला तिथल्या भाषेत वेगळा शब्द पडला: ‘शाबेर’. मोठे कारखाने आणि रेल्वेचे रूळ रशियन फौजेने नुकसानभरपाई म्हणून उचलून नेले ते वेगळंच.

पाणी

सगळ्यात महागात पडलं ते न दिसणारं काम. या पट्ट्यातल्या सिलेशिया आणि प्रशिया भागांतल्या जड, पाणी धरणाऱ्या जमिनी जर्मन शेतकऱ्यांनी शंभर वर्षं खपून कोरड्या केल्या होत्या. पद्धत अशी: भाजलेल्या मातीच्या नळ्या, साधारण फूटभर लांबीच्या, चार-पाच सेंटिमीटर भोकाच्या, जमिनीखाली मीटरभर खोल एकापुढे एक नुसत्या टेकवून ठेवायच्या. सांधे सिमेंटने भरायचे नाहीत, कारण पाणी त्या फटीतूनच आत शिरतं. अशा ओळी दहा ते वीस मीटर अंतराने. त्या सगळ्या एका जाड नळीला मिळतात आणि ती नळी शेताच्या कडेच्या चरात उघडते. उसाच्या पट्ट्यात चिबड झालेल्या रानात आता सच्छिद्र पाइप टाकतात, तेच तत्त्व.

वरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. नुसतं छान वाफसा येणारं रान. नकाशे असत पाणी-मंडळाच्या कचेरीत; कचेरी जळाली तरी नाहीतर कारकून कागद घेऊन गेला तरी. नव्या माणसाला वाटायचं, जमीनच मुळात चांगली आहे. मग दोन-तीन वर्षांत खेळ सुरू व्हायचा. चर कुणी काढला नाही, गवत वाढलं, गाळ चढला, नळीचं तोंड बुजलं. तोंड बुजलं की पाणी मागे तुंबतं, त्यातला बारीक गाळ नळीतच बसतो आणि वरच्या अख्ख्या ओळी निकामी होतात. चराच्या काठाला विलोची झाडं आपोआप उगवतात, त्यांची मुळं ओलीच्या मागाने सांध्यांत घुसून नळीभर दाढीसारखी पसरतात. कुणी विहिरीसाठी खड्डा घेतला, ओळ मधूनच तुटली, आणि त्याच्या वरच्या अंगाला शेजाऱ्याच्या शेतात डबकं झालं. शेजाऱ्याला कारणच कळेना. अशा जागी आधी गहू पिवळा पडतो, मग लव्हाळा येतो, मग लोक ती कुरणाला सोडून देतात. जमीन बिघडली म्हणायचे लोक, पण बिघडलं होतं फक्त नळीचं तोंड, फावड्याने अर्ध्या तासात मोकळं होण्यासारखं.

हेच मोठ्या प्रमाणावर पाहायचं तर विस्तुला नदीच्या मुखाशी, झुवावी नावाच्या त्रिभुज प्रदेशात जावं लागेल. तिथे नदी वर आणि शेत खाली. काही भाग समुद्रसपाटीच्याही खाली. सगळ्यात खोल जागा जवळपास दोन मीटर खाली. सोळाव्या शतकात हॉलंडकडून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी बांध घालून, चर खणून, पवनचक्क्यांनी पाणी उपसून हा भाग पिकाखाली आणला. पुढे वाफेचे पंप आले, मग विजेचे. व्यवस्था पायऱ्यापायऱ्यांची: शेतातला चर, त्यातून मोठा कालवा, कालव्याच्या टोकाला पंपघर, पंपघरातून बांधापलीकडच्या नदीत. यातली एक पायरी बंद पडली की मागचं सगळं तुंबलं. मार्च १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने मुद्दाम बांध फोडले आणि या प्रदेशाचा मोठा भाग पाण्याखाली गेला.

परत कोरडं करायचा क्रम ठरलेला आहे, उलटापालट करून चालत नाही. आधी बांधाची भगदाडं बुजवायची, नाहीतर उपसलेलं पाणी परत आत. मग पंपघरं दुरुस्त करायची आणि त्यांना वीज पोचवायची. पाणी उतरलं की मुख्य कालवे, मग चर. नांगर सर्वांत शेवटी. १९४८-४९ पर्यंत बहुतेक पाणी उतरलं. खरी अडचण त्यानंतर होती. मेनोनाइट गावांत चर साफ करणं हे सामायिक काम होतं, पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं, कुणाच्या वाट्याला किती हात चर हे पोरासोरांनाही माहीत. नवे लोक वेगवेगळ्या वीस गावांतून आलेले, एकमेकांची बोलीही नीट न कळणारे. इथे आपला चर आपण काढला आणि खालच्याने नाही काढला तर आपली मेहनत पाण्यात, अगदी शब्दशः. आपल्याकडे चारीच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही म्हणून भांडण होतं. तिथे शेपटाकडच्याने पाणी जाऊ दिलं नाही म्हणून व्हायचं.

जिथे जुने आणि नवे काही महिने एकत्र राहिले तिथे फरक पडला. पुष्कळ घरांत १९४५-४६ मध्ये जर्मन कुटुंब एका खोलीत आणि पोलिश कुटुंब दुसऱ्या खोलीत, अशी विचित्र बिऱ्हाडं होती. कटुता होतीच, पण पंप कसा सुरू करायचा, शेगडीची झडप कुठली, नळीचं तोंड कुठे, हे त्याच दिवसांत हातोहात कळलं. वाउब्झिखच्या कोळसा खाणींत तर सरकारने जर्मन खाणकामगारांना मुद्दाम थांबवून ठेवलं, कारण त्यांच्याशिवाय खाण चालेना. पुढे फ्रान्समधून परतलेले पोलिश खाणकामगार आले तेव्हा कुठे जागा भरल्या.

छप्पर आणि कागद

सोलापूरकडचं माळवदाचं घर ज्याने सांभाळलं आहे त्याला हे पटकन कळेल. पावसाळ्याआधी वरचं गवत उपटायचं, पांढऱ्या मातीचा थर द्यायचा, चोपायचा, पन्हाळाकडे उतार राखायचा. एक वर्ष चुकलं तर तुळई कुजते. पूर्वेकडून आलेला शेतकरी गवती शाकाराखाली वाढलेला. त्याला गवत बदलता येई. इथे मिळालं उभ्या उताराचं चपट्या कौलांचं छप्पर, एकावर एक दुहेरी थराचं. एक कौल निसटलं तर खालचा थर काही दिवस धकवून नेतो, म्हणून आतून काही दिसत नाही. पण पट्टी ओली राहते, मग वाशाचं टोक, आणि शेवटी भिंतीवरची तुळई, जिच्यावर सगळा भार. गळती खोलीत दिसते तेव्हा खर्च दहापट झालेला असतो. सुट्टं कौल मिळवायचं तर ते भाजणारी भट्टी बंद. मग काय, शेजारच्या रिकाम्या गोठ्याचं कौल काढून आपल्या घरावर. गोठा दोन पावसांत बसला. त्या भागात आजही चौकोनी अंगणाच्या तीन बाजू शाबूत आणि चौथी नाही, अशी घरं आढळतात.

यात अज्ञानाइतकाच भीतीचा भाग होता. घर ताब्यात होतं, पण मनाने ते आपलं नव्हतं. पूर्व जर्मनीने ही हद्द १९५० मध्ये मान्य केली, पश्चिम जर्मनीने डिसेंबर १९७० च्या वॉर्सा कराराने, आणि एकत्र झालेल्या जर्मनीशी अंतिम सीमाकरार झाला नोव्हेंबर १९९० मध्ये. म्हणजे पंचेचाळीस वर्षं कुणी ना कुणी म्हणतच होतं, जर्मन परत येतील. ज्याच्या सातबाऱ्यावर फेरफार प्रलंबित आहे तो बांधाला आंबा लावत नाही. तिथेही तसंच: लोक पेटाऱ्या सोडत नव्हते, कौलाऐवजी डांबरी कागद ठोकायचे, फळबाग म्हाताऱ्या झाडांवरच चालवायचे. जर्मनांच्या मागे राहिलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी पोलिशमध्ये एक विशेषण रूढ झालं, ‘पोनिएमिएत्स्के’: घर पोनिएमिएत्स्के, कपाट पोनिएमिएत्स्के, सफरचंदाचं झाडही. तीन पिढ्यांनंतरही तो शब्द वापरात आहे. मोठी जमीनदारी वाड्यांसकट १९४९ पासून सरकारी शेती-फार्मांकडे गेली. दिवाणखान्यात धान्य, तळघरात खत. वाडे असे गेले.

कर्कोनोशे आणि क्वोत्स्को भागातल्या डोंगरी गावांचं तर वेगळंच झालं. मैदानात रिकामी शेतं असताना वरच्या दगडगोट्यांच्या उतारावर कोण राहील? आले तेही चार-पाच वर्षांत उतरले. उरलेलं घर जळण झालं, रान जंगलखात्याने स्प्रूस या सूचिपर्णी झाडांखाली आणलं किंवा झाडांनीच घेतलं. महसुली भाषेत आपण अशा गावाला ‘बेचिराख’ म्हणतो. तिथे ते ओळखायची खूण सोपी आहे: जंगलात मध्येच सफरचंद-नाशपातीची ओळ, दगडी पायऱ्या, आणि अंगाला झोंबणाऱ्या खाजऱ्या झुडपांचा दाट पट्टा. त्या झुडपांना नत्र-स्फुरद भरपूर लागतं, म्हणजे तिथे उकिरडा होता, गोठा होता. आपण ज्याला गावाची पांढरी म्हणतो ती जागा.

याच डोंगरांच्या पायथ्याला विणकरांचा मुलूख आहे, आणि तो सोलापुरात माहीत असायला हवा असं वाटतं. पिएशित्से आणि बिएलावा इथल्या हातमाग विणकरांनी १८४४ मध्ये मजुरी तुटल्यावर बंड केलं होतं. प्रशियन सैन्याने गोळ्या घातल्या. पश्चिमेला लुसाटियाच्या टोकाशी विणकरांची जुनी घरंही बघण्यासारखी आहेत. माग असलेली खालची खोली ओंडक्यांची, आणि वरच्या मजल्याचा भार त्या खोलीवर न टाकता बाहेरून उभ्या केलेल्या खांबांवर. युद्धानंतर ज्यांना हे माहीत नव्हतं त्यांनी खोली मोठी करायला खांब कापले, आणि वरचा मजला खाली आला.

शहरांत विटांचा हिशोब होता. व्रोत्स्वाफ, तेव्हाचं ब्रेस्लाउ, १३ फेब्रुवारी ते ६ मे १९४५ वेढ्यात होतं. शहराचा दोन तृतीयांशांहून जास्त भाग उद्ध्वस्त झाला. वेढ्यात जर्मनांनी स्वतःच शहराच्या मधली वस्ती पाडून विमानाची धावपट्टी केली. आजचा ग्रुनवाल्डस्की चौक एवढा लांबरुंद का, याचं उत्तर ते. युद्धानंतर वॉर्सा उभारायला विटा हव्या होत्या, म्हणून इथले ढिगारे उपसून, वीट न्‌ वीट तासून चुना काढून, गाड्या भरून पाठवल्या गेल्या. ढिगारे संपत आले तेव्हा दुरुस्त होऊ शकली असती अशी घरंही पाडली. ज्या शहरात आपण कायम राहू याची खात्री नाही, त्याच्या विटा द्यायला फारसं कुणी भांडलं नाही.

आणि तरी याच शहरात पूर्वेकडचं एक अख्खं शहर येऊन बसलं. ल्वूफ म्हणजे आजच्या युक्रेनमधलं ल्विव; तिथले प्राध्यापक इथल्या विद्यापीठात आले, ओसोलिनेउम ग्रंथालयाचा काही भाग आला, ११४ मीटर लांब आणि १५ मीटर उंच रात्स्वावित्से युद्धचित्र १९४६ मध्ये गुंडाळून आणलं. रशियन पराभवाचं चित्र असल्यामुळे ते लोकांना बघायला मिळालं थेट १९८५ मध्ये. मुख्य चौकात प्रशियाच्या राजाचा अश्वारूढ पुतळा होता. १९५६ मध्ये जवळच ल्वूफहून आणलेला नाटककार फ्रेद्रोचा पुतळा बसवला. उजनीत गाव बुडालं तेव्हा लोकांनी देव उचलून नव्या गावठाणात नेला, त्यातलाच हा प्रकार. खेड्यांत हेच लहान रूपात: चर्चची घंटा, वेदीवरची तसबीर, बियाणं. लुथरपंथीयांची चर्चेस कॅथलिक झाली. जर्मन कबरी १९६०-७० च्या दशकांत काढून टाकल्या आणि त्यांचे दगड बांधकामात वापरले गेले. हे लाजिरवाणं होतं असं आता तिथलेच लोक म्हणतात; व्रोत्स्वाफमध्ये २००८ साली अशाच उरलेल्या दगडांचं एक स्मारक उभं राहिलं.

या गर्दीत सगळेच राजीखुशीने आलेले नव्हते. १९४७ च्या ‘विस्तुला मोहिमे’त सुमारे १,४०,००० युक्रेनियन आणि लेमको लोकांना आग्नेय पोलंडमधून उचलून इथे आणलं, तेही मुद्दाम विखरून, म्हणजे एका गावात त्यांची मोजकीच घरं. बोस्नियातून परतलेले पोलिश शेतकरी बोलेस्वाव्येत्सच्या आसपास बसले, १९४९ पासून ग्रीक यादवीतले निर्वासित झ्गोझेलेत्सला. कोल्हापूरजवळ वळिवड्यात १९४३ ते १९४८ पर्यंत पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांच्यापुढेही हाच पेच: पूर्वेचं घर आता परदेशात, आणि पोलंडला परतायचं तर दुसऱ्याच्या सोडलेल्या घरात. बरेच जण परतलेच नाहीत.

नावं

सगळ्यात भराभर बदललं ते नाव. सुरुवातीला अनागोंदी होती: रेल्वेचं एक नाव, नगरपालिकेचं दुसरं, लोकांचं तिसरं. विणकरांच्याच मुलखातलं रायखेनबाख हे गाव १९४५ मध्ये रिखबाख झालं आणि १९४६ मध्ये द्झेर्झोन्यूफ. माल एका गावाला निघायचा आणि पोचायचा दुसऱ्याला. म्हणून १९४६ मध्ये नावं ठरवायला आयोग नेमला. भूगोलाचे आणि भाषेचे जाणकार त्यात होते. १९५० पर्यंत त्यांनी तीस हजारांहून अधिक नावं ठरवली.

रीत साधारण अशी. आधी जुन्या कागदांत मध्ययुगीन स्लाव नाव सापडतं का पाहायचं; सोलापूरसाठी ‘सोन्नलगी’ शोधावं तसं. व्रोत्स्वाफ, श्चेचिन, ग्दान्स्क ही अशी परतलेली नावं, आणि ती खरोखरच जुनी आहेत. नाही सापडलं तर भाषांतर: हिर्शबेर्ग म्हणजे हरणाचा डोंगर, म्हणून येलेन्या गुरा, ग्र्यूनबेर्ग म्हणजे हिरवा डोंगर, म्हणून झ्येलोना गुरा. तेही नाही जमलं तर माणसाचं नाव. रास्टेनबुर्गचं केंत्शिन झालं, इतिहासकार केंत्शिन्स्कीवरून. आणि द्झेर्झोन्यूफ हे नाव यान द्झेर्झोन या सिलेशियन पाद्र्यावरून, ज्याने मधमाश्यांत नर अंडी न फळता जन्मतात हे दाखवलं. गावाला मधमाशीपालकाचं नाव, हा त्या सगळ्या यादीतला आमच्या मते सर्वांत गोड निर्णय.

या मुलखाला सरकारने दिलेलं नाव होतं ‘परत मिळवलेला प्रदेश’, कारण हजार वर्षांपूर्वी तिथे पोलिश राजे होते. खातंही त्याच नावाचं, मंत्री व्वादिस्वाव गोमूउका. दावा पूर्ण खोटा नव्हता, पण मधली सहा-सात शतकं त्यात गाळलेली होती. भिंतींवरची जर्मन अक्षरं चुन्याने झाकली. चुना साठ-सत्तर वर्षं टिकत नाही. रंग उडाला की जुन्या वाणसामानाच्या दुकानाची पाटी परत डोकावते. आता काही ठिकाणी घरमालक ती मुद्दाम जपतात.

शेतातल्या नळ्यांचंही तसंच झालं आहे. त्यातल्या बऱ्याच अजून चालू आहेत. दुरुस्ती करणारे आधी जुने जर्मन नकाशे काढतात, मग वसंतात वर्षातला योग्य आठवडा गाठतात. बर्फ वितळल्यावर रान वाळू लागतं तेव्हा नळीवरची माती आधी सुकते आणि वरून पाहिलं तर काळ्या रानात फिकट पट्टे उमटतात, समान अंतराने. पट्टा जिथे मध्येच काळा पडतो तिथे नळी तुंबलेली. तिथून खालच्या अंगाला चालत जायचं, चराच्या काठावर गवतात पहारीने चाचपायचं, आणि भाजक्या मातीचा आवाज आला की फावडं लावायचं.